वाघबारशीची हाक

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या तोंडात एखादा शब्द बसतो आणि मग तो कुठेही बाहेर पडतो. माझ्या तोंडात 'परत एकदा' बसलाय. पाढे चुकले, परत एकदा. प्रार्थना रेंगाळली, परत एकदा. गॅदरिंगच्या तालमीत तर मी दुसरं काही बोलतच नाही. घरी पाहुण्यांना मुलांनी पुटपुटत नमस्कार केला तरी तेच निघतं, आणि पाहुणे बिचारे चहाचा कप हातात धरून दुसऱ्या नमस्काराची वाट बघत बसतात. नवरा म्हणतो, बाई, शाळा सुटली. मुलगी नऊ वर्षांची आहे, ती माझी नक्कल करते आणि हुबेहूब करते. मुलगा सहा वर्षांचा. तो नक्कल करत नाही. सांगितलं की करतो, परत सांगितलं की परत करतो. असं ऐकणारं पोर पदरात पडलं म्हणून मी शाळेत मिरवत असते.

गेल्या दिवाळीत तो शब्द निघायला नको तिथे निघाला. चार लोकांत मान खाली घालावी लागली हे तर झालंच, पण त्यानंतर मी जे केलं त्याची लाज जास्त आहे. अजूनही भाजी चिरता चिरता ते आठवतं आणि माझा हात थांबतो.

माझं माहेर सूर्यमाळच्या बाजूला, उतारावरच्या एका पाड्यावर. जव्हारात कोणी विचारलं तर मी 'मोखाड्याकडे' एवढंच सांगते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मोखाडा म्हटलं की लोकांना एसटी स्टँड आणि बाजार दिसतो. पाडा म्हटलं की त्यांचा आवाज मऊ होतो, आणि मला तो मऊ आवाज नको असतो. चौथीनंतर मी आश्रमशाळेत, मग जव्हारला वसतिगृहात, मग डी.एड., नोकरी आणि सासर, सगळं जव्हारातच. लग्नात नावही बदललं. पाड्यावरचं नाव पाड्यावरच राहिलं.

दिवाळीत माहेरी जायचं ते भाऊबीजेला, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत. मुलांना तिथे करमत नाही, असं मी आईला सांगायची. मुलांना तसं कोणी विचारलेलंच नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र आईने बोलावलं. पावसाळ्यात बिबट्याने तिची शेळी नेली होती, आणि भात निसवायला लागलं तेव्हा वासरू. आई त्याला बिबट्याही म्हणत नाही आणि वाघही म्हणत नाही, 'जनावर' म्हणते. राहिली ती एक गाय, तीही पुन्हा गाभण. वासरू गेलं त्या दिवसापासून आईने गाय गुरांबरोबर रानात सोडणं बंद केलं. गोठ्यात बांधून ठेवली आणि स्वतः गवत कापून आणायला लागली. तिचे गुडघे गेलेत. उतारावरून डोक्यावर भारा घेऊन उतरताना ती मध्येच थांबते, असं माझा धाकटा भाऊ फोनवर सांगायचा. आम्ही दोघांनी समजावलं, की अख्ख्या पाड्याची गुरं जातात, गुराखी असतो, एकट्या तुझ्याच गाईला काय होणार. तिचं एकच म्हणणं. वाघबारस नीट पार पडली की सोडीन.

जव्हारात ज्या दिवशी वसुबारस असते, त्याच दिवशी आमच्याकडे वाघबारस. पाड्यातल्या घराघरांतून तांदूळ, दूध, गूळ गोळा करतात. शिवारापलीकडे, ओढा ओलांडला की झाडाखाली वाघोबा आहे, शेंदूर फासलेला, वर चंद्र-सूर्य कोरलेले. तिथे खीर शिजते. त्याआधी एक पोर वाघ होतं. अंगावर गेरूचे आणि राखेचे पट्टे ओढून ते शिवारात शिरतं, बाकीची पोरं काठ्या आपटत त्याला हाकलत नेतात, आणि पाड्यातला जुना गुराखी त्याला विचारतो, आमच्या शिवारात येशील? पोर म्हणतं, नाय येणार. असं विचारत विचारत त्याला ओढ्यापार घालवायचं. पलीकडे गेल्यावर ते पोर पाण्यात पट्टे धुतं आणि खडकामागे बसून राहतं. मग त्याच्या घरचं वडीलधारं माणूस त्याला पूर्ण नावाने हाक मारतं. हाक ऐकली की वाघ संपला, पोर परत आलं. लहानपणी माझा भाऊ एकदा वाघ झाला होता. आईने अलीकडून बापाच्या नावासकट त्याला हाक मारली, तेव्हा तो भिजलेला, कुडकुडत धावत आला होता आणि मला त्याचा हेवा वाटला होता. आमच्या पाड्यावर ज्या घरचं जनावर जातं, त्या वर्षी त्या घरचं पोर वाघ होतं. भावाचं लेकरू अजून मांडीवर आहे. म्हणजे माझा मुलगा.

एवढं सांगितलं ते एवढ्यासाठी की हे सगळं मला माहीत होतं.

आई फोन कानापासून लांब धरून ओरडून बोलते. त्या दिवशी ती ओरडली नाही. म्हणाली, "पोराला आण बाय. दुसरा काय नको." माझ्या आईने माझ्याकडे त्याआधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. पगार सुरू झाल्यावर पाठवलेली साडीसुद्धा तिने वर्षभर घडीतच ठेवली होती. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदा डोक्यात काय आलं, तर व्हिडिओ काय मस्त होईल.

शाळेचा एक ग्रुप आहे, आमच्या गल्लीतल्या बायकांचा एक आहे. दिवाळीत त्यांच्यावर रांगोळ्या, किल्ले, कुणाच्या लेकीची नवी घागरा-चोळी असलं सगळं येतं. मला वाटलं, आपण यंदा काहीतरी अस्सल टाकू. ज्या पाड्याचं नाव घ्यायला मी कचरते, तोच पाडा फोनच्या चौकटीत मावला की मिरवायला चालतो, हे तेव्हा मला दिसलं नाही. गॅदरिंगचा वाघाचा पोशाख मी शाळेच्या कपाटातून मागून आणला. पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, आत तार घातलेली शेपटी, वर सरकवता येणारा मुखवटा. बैठकीत तालीम घेतली. मुलगी गाय झाली. वाघाने गाईसमोर येऊन गुरगुरायचं, मग हाकलल्यावर पळायचं, असं मीच बसवलं. गुरगुरणं नीट येईना, म्हणून किती वेळा करून घेतलं विचारू नका. नवरा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, अगं, तिकडे पूजा आहे की स्पर्धा. मी त्याला गप्प केलं.

खोडाळ्यापर्यंत मी आणि मुलं एसटीने गेलो, पुढे जीपने. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली पिकून तांबूस झाली होती, खाली खाचरांत कापलेल्या भाताच्या पेंढ्या आडव्या पडल्या होत्या. वळणावळणावर मी मुलांना धडे देत होते. ताटात पडेल ते खायचं. नाक मुरडायचं नाही. रेंज नाही म्हणून रडायचं नाही. कोणी गावाकडचं बोललं तर हसायचं नाही. मुलांनी माझी शोभा केली तर काय, याचीच मला काळजी. मुलगी शेवटी कंटाळून म्हणाली की आई, कळलं, आता परत एकदा म्हणू नकोस. जीपमधल्या बायका हसल्या. मीही हसले.

मुलांनी काहीच शोभा केली नाही. आईने पिकलेली मोठी काकडी किसून, नव्या तांदळाच्या पिठात गूळ घालून पानांत उकडलं होतं. मुलाने ते दोन्ही हातांनी खाल्लं. मुलीने भावाचं तान्हं पोर जे कडेवर घेतलं ते सोडेचना. आणि आईने पहिलं काम काय केलं, तर माझ्या मुलाला गोठ्यात नेलं आणि गाईच्या कपाळावर त्याचा हात ठेवला. गाईच्या शिंगांना गेरू लावून झाला होता. तिने त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. तो गंभीरपणे मान डोलवत होता.

पोशाख बघून वाघबारशीला आलेले लोक हसले. जुना गुराखी, ज्याला सगळा पाडा आजा म्हणतो, त्याने शेपटी हातात धरून हलवून पाहिली आणि गेरूचं एक बोट तेवढं पोराच्या कपाळाला लावलं. पट्टे कसे का असेनात, त्याला त्याचं काही नव्हतं. आई गाय घेऊन आली होती. ओढ्याच्या अलीकडे, आमच्या खाचराच्या बांधावर तिने खुंटी ठोकून गाय बांधली. सगळं गाईला दिसायला हवं, असं तिच्या मनात असावं. पदर डोक्यावर घेऊन ती गाईशेजारी हात जोडून उभी राहिली. मी दुसऱ्या बांधावर चढून फोन आडवा धरला.

आणि खरं सांगते, छान झालं. मी बसवल्याहून कितीतरी छान. पोरं काठ्या आपटत 'हाऽ हाऽ' करत सुटली, माझा मुलगा चार पायांवर उड्या मारत पुढे, शेपटी चिखलात. आजा थांबून थांबून विचारत होता. आमच्या शिवारात येशील? नाय येणार. आमच्या गाईला हात लावशील? नाय लावणार. जव्हारच्या बैठकीत 'नाही' म्हणणारं माझं पोर तिथे 'नाय' म्हणत होतं, ते त्याला कोणी शिकवलं कुणास ठाऊक. ओढ्यात तो धपकन पडला, उठला, पलीकडे चढला आणि खडकामागे दिसेनासा झाला. काठ्या थांबल्या. आईचे हात जोडलेलेच होते आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. तेवढ्यात मी फोनकडे बघितलं. लाल बटण दाबलंच गेलं नव्हतं. काही म्हणजे काहीच उतरलं नव्हतं.

मी विचार केला नाही. विचार करायला एखादा क्षण तरी लागतो, तेवढाही मी घेतला नाही. बांधावरून, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो त्या माझ्या शाळेच्या आवाजात मी ओरडले, "ए वाघोबा, परत ये! परत एकदा!"

तो आला. मी बोलावलं की तो येतोच. खडकामागून निघाला, ओढा ओलांडला, शिवारात शिरला आणि तालमीत बसवलं होतं तसा सरळ गाईसमोर जाऊन उभा राहिला. आणि गुरगुरला. इतकं चांगलं तो घरी कधीच गुरगुरला नव्हता. गाय बिचकली. तिने दोराला हिसका दिला, खुंटी उपटली आणि ती दोर ओढत खाचरातून पळाली. भाऊ तिच्यामागे धावला.

कोणी हसलं नाही. काठ्या घेतलेली पोरंसुद्धा जागच्या जागी उभी राहिली. आजाने हातातली काठी खाली ठेवली. आईचे हात अजून जोडलेले होते, पण ती आता हात जोडून नुसती माझ्याकडे बघत होती.

मला सगळं कळलं होतं. आणि कळलं होतं म्हणूनच माझा तोल गेला. मी चटकन म्हटलं, अहो, खेळच आहे ना मुलांचा, परत करू की, त्यात काय. 'खेळ' हा शब्द मी कुठे उभी राहून उच्चारला होता! आजा रागावला नाही. "रोज रोज नाय होत बाय," तो म्हणाला. "तो वर्साला एकदाच ऐकतो." एक बाई दुसरीला हळू आवाजात म्हणाली की जाऊ दे, तिला काय माहीत, ती तिकडची. याहून कोणी मला काठीने झोडलं असतं तर बरं वाटलं असतं. परक्या माणसाला माफ करतात तसं त्यांनी मला माफ केलं होतं.

तेव्हा माझा मुलगा माझ्याकडे आला. मुखवटा वर करून, ओलाचिंब, शाबासकी घ्यायला. आणि मी सगळ्यांसमोर त्याचा दंड धरला आणि त्याच्यावर खेकसले, "तुला कोणी सांगितलं परत यायला? एवढं साधं कळत नाही?"

'तू बोलावलंस' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर कदाचित मी तिथेच सावरले असते. तो म्हणाला, "चुकलो." मुलगी बाजूलाच उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवली. माझी नक्कल ती अजून करते, पण ते वाक्य तिने कधी केलेलं नाही.

खीर शिजली, वाटली. वाघोबासमोर आजाने काहीतरी म्हणून हात जोडले. पोराला पान दिलं, पण कोणी ओढ्याकाठी उभं राहून त्याला नावाने हाक मारली नाही. सगळं मोडलंच होतं, तर ते कोणाच्या लक्षात राहणार. मला तर फक्त तिथून निघायचं होतं.

दोन दिवस राहायचं ठरवून मी गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशव्या भरल्या. फराळ राहिलाय, सासूबाई एकट्या आहेत, असं काहीतरी भावाला सांगितलं. सासूबाईंनी चकल्या आधीच करून डब्यात भरल्या होत्या. पिशवी उचलताना भाऊ म्हणाला, "ताई, गाय आज बी बांधलेलीच हाय." आई घरात नव्हती. विळा घेऊन ती पहाटेच उतारावर गेली होती. आता पुढच्या वाघबारशीपर्यंत ती रोज जाणार होती, पावसात आणि उन्हात, गुडघ्यांसकट. आणि गवत वाळून संपल्यावर कुठे कुठे जाणार होती याचा विचार माझ्याच्याने होईना.

ओढ्याकाठी ती भेटली. मुलीने वाकून नमस्कार केला, 'येते आजी' म्हणाली. आईने तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मुलगा माझ्यामागे उभा. येतो म्हण, मी सांगितलं. तो बोलला नाही. मी परत सांगितलं, तरी नाही. सांगितलेलं न ऐकण्याची त्याची ही पहिलीच वेळ. जीप वर आली होती, हॉर्न वाजत होता. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो.

खोडाळ्याला एसटीला वेळ होता. बाजारात पणत्या, आकाशकंदील, फटाक्यांच्या गाड्या लागल्या होत्या. मी मुलाला लवंगी घेऊ का विचारलं. नको म्हणाला. मग चहाच्या टपरीमागच्या फळीवर बसलो आणि मी विचारलं की आजीला 'येतो' का म्हणाला नाहीस. माझा आवाज पुन्हा शाळेचाच होता.

"मी सांगितलंय ना, तिच्या शिवारात येणार नाही," तो म्हणाला. "एकदा मी चुकून आलो. आता कधीच आलो नाही, तर ती गाय सोडेल."

सहा वर्षांच्या पोराने रात्रीतून बसून हा हिशेब केला होता आणि मनाशी पक्का केला होता. आजीची गाय चरायला जावी म्हणून तो आजीकडे पुन्हा जाणार नव्हता. वेड्या, तो नुसता खेळ होता म्हणावं, तर आईच्या जोडलेल्या हातांवर मी दुसऱ्यांदा थुंकल्यासारखं झालं असतं. तो खेळ नव्हता म्हणावं, तर पोर दिलेला शब्द पाळणार होतं. पोरांना रोज शिकवते मी. पण त्या फळीवर मला एक वाक्य जुळवता येईना.

मुलगी भेळेचा कागद चुरगळत म्हणाली, "पण आजीने त्याला हाक कुठे मारली? तूच म्हणालीस ना, हाक मारली की वाघ संपतो."

एसटी आली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरायला लागले. मी पिशव्या उचलल्या आणि मुलांना घेऊन उलट्या बाजूला, जीप लागतात तिकडे चालायला लागले. ड्रायव्हर तोच होता. बाई, काय विसरलं, त्याने विचारलं. मी मान हलवली.

ओढ्याशी उतरलो तेव्हा दुपार झाली होती. जीपचा रस्ता वाघोबाच्या बाजूने जातो, पाडा आणि शिवार ओढ्यापलीकडे. मुलगी सरळ पाण्यात शिरून पलीकडे गेली. मुलगा काठावर थांबला. मी त्याचा हात धरून ओढला नाही. ओढायची मला सवय आहे, पण नाही ओढला. पलीकडे, आमच्या खाचराच्या वर, आई गवताचा बांधलेला भारा पुढ्यात घेऊन बसली होती. मोठा भारा एकट्याने डोक्यावर चढत नाही, कोणीतरी हात लावायला लागतं. भाऊ कुठे गेला होता कोण जाणे. ती कोणीतरी येण्याची वाट बघत बसली होती.

आम्हाला बघून ती उभी राहिली, गुडघ्यावर हात टेकून.

"आई," मी अलीकडून ओरडले. हा आवाज शाळेचा नव्हता, तो कुठला होता मलाही माहीत नाही. "काल तो त्याच्या मनाने नाही आला. मी हाक मारली म्हणून आला. आणि मी त्याच्यावर ढकललं."

मुलगा मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. आई पाण्यापर्यंत खाली आली. तिला बाकीचं सांगायची गरज पडली नाही, की मुलीने तोवर तिला सांगितलं होतं, मला कळलं नाही. ती म्हणाली, "आय हाक मारील तर पोर येलच. त्याचा काय चुकला." मग तिने पदर डोक्यावर घेतला, नीट उभी राहिली आणि माझ्या मुलाला हाक मारली. पूर्ण नावाने, बापाच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश आणि मोठ्याने.

तो पायातल्या बुटांसकट पाण्यात घुसला आणि धावत जाऊन तिच्या पोटाला बिलगला. तिने त्याचं डोकं पदराने पुसलं, जरी ते भिजलेलं नव्हतं.

मी अलीकडेच उभी होते. पिशव्या हातात होत्या. इथपर्यंत आले होते, पण पुढे पाय टाकायला मला तोंड नव्हतं. गाय बांधलेली होती ती बांधलेलीच राहणार होती, आणि माझ्या कबुलीने त्यात काडीचा फरक पडणार नव्हता. आईने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल, आणि बोलावं असंही वाटत होतं.

तिने मला हाक मारली. जव्हारात कोणालाच माहीत नसलेल्या, माझ्या पहिल्या नावाने. मग माझ्या बापाचं नाव घेतलं. मग म्हणाली, "इकडं ये. भाऱ्याला हात लाव."

मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरले.